बैठ्या खेळांची पारख
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते, गाण्याच्या मैफलीचेही होते. मग पटावर मांडावयाच्या खेळाचे का होऊ नये? खेळ म्हणजे मुलांची करमणूक, तिची चिकित्सा ती कसली, असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. जर्मनीत मात्र या विषयाला वाहिलेले समीक्षक आहेत. १९७९ पासून त्यांचे एक परीक्षक मंडळ दरवर्षी 'श्पील देस यारेस', म्हणजे 'वर्षाचा खेळ', हा सन्मान जाहीर करीत आले आहे. त्या देशात गेल्या चार-पाच दशकांत नव्या धर्तीचे जे बैठे खेळ निर्माण झाले, त्यांची पारख कोणत्या कसोट्यांवर करावी, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पहिली कसोटी निवडीची. आपल्या मोक्षपटात दान पडेल तिकडे जावयाचे. खेळणाऱ्यास निवड नाही. सारीपाटात दान दैवाचे असले, तरी कोणती सोंगटी हलवावी हे आपल्या हाती असते. क्लाउस टॉयबर या दंत-तंत्रज्ञाने रचलेला आणि १९९५ साली वरील सन्मान मिळविणारा 'कातान' हा खेळ याच दुसऱ्या कुळातला. एकोणीस षट्कोनी तुकड्यांचे बेट मांडावयाचे, त्यावर वस्त्या व रस्ते उभारावयाचे आणि प्रथम १० गुण मिळवील त्याने जिंकावयाचे. दोन फाशांची ३६ दाने संभवतात. त्यांत ६ आणि ८ प्रत्येकी पाच प्रकारे पडतात, तर २ आणि १२ केवळ एकेका प्रकारे. पहिली वस्ती कोठे वसवावी, याचा विचार येथूनच सुरू होतो. दैव आहेच, परंतु त्याचा अंदाज घेण्यास वाव आहे.

दुसरी कसोटी आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते: ज्याची पाळी नाही, त्याने काय करावयाचे? 'व्यापार' हा खेळ आपल्या घरोघरी खेळला गेला आहे. त्याच्या पाश्चात्य पूर्वजाचा आराखडा एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी जमिनीच्या मक्तेदारीचे दुष्परिणाम दाखविण्यासाठी केला आणि १९०४ साली त्याचे पेटंट घेतले. त्यात जो कफल्लक झाला तो उठून जातो, आणि घरातले सर्वांत लहान मूलच बहुधा प्रथम कफल्लक होते. कातानमध्ये कोणीही बाद होत नाही, आणि फासे कोणीही टाकले तरी त्या आकड्याच्या जागेशेजारी ज्याची वस्ती असेल त्यास माल मिळतो. तथापि परीक्षकाने दोषही सांगितला पाहिजे. आरंभीच्या वस्त्या चुकीच्या ठिकाणी पडल्या, तर मागे राहिलेल्यास तासभर केवळ बसून राहावे लागते. शिवाय मूळ पेटी तीन किंवा चार जणांचीच. पाचवा पाहुणा आला की पंचाईत.

तिसरी कसोटी नियमांच्या सुबोधतेची. अ‍ॅलन मून यांच्या 'टिकेट टू राइड' या २००४ मधील रेल्वेच्या खेळात आपल्या पाळीस तीनांपैकी एकच गोष्ट करावयाची: पत्ते उचलावे, लोहमार्ग घ्यावा किंवा प्रवासाची नवी तिकिटे घ्यावी. आजी आणि नातू एकाच पटाशी बसावयाचे, तर असाच खेळ हवा.

चौथी कसोटी बोलण्याची. मॅट लीकॉक यांच्या २००८ मधील 'पॅन्डेमिक' या खेळात सर्वांनी मिळून चार रोगांच्या साथींशी झुंजावयाचे; जिंकले तर सगळे, हरले तरी सगळे. कल्पना उदात्त खरी. पण एखादा जाणता गडी सर्वांच्या चाली ठरवू लागला, की इतरांनी केवळ माना डोलवावयाच्या. उलट कातानमध्ये लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज यांची देवघेव बोलल्यावाचून होतच नाही.

आपल्यासारख्या दूरदेशी राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे. आमच्या घरांत आजोबा मराठीत विचारतात आणि नात हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देते. मुलांना मराठी कळते. बोलण्याचे प्रसंगच उरलेले नाहीत. या खेळांपैकी पुष्कळांच्या पटावर व सोंगट्यांवर मजकूर फारसा नसतो, चित्रे असतात. नियम एकदा वडीलधाऱ्यांनी वाचून सांगितले, की पटावर कोणती भाषा बोलावी हे आपण ठरवावयाचे. "आजोबा, दोन विटा द्या, मी लोकर देते," हे वाक्य धड्यातले नसते. विटांची गरज असते, म्हणून ते तोंडून निघते. घासाघीस, उधारी, आर्जव, रुसवा, हे सारे त्या तासाभरात मराठीत घडू शकते.

म्हणून आमची एक सूचना आहे. या पेट्या महाग असतात. प्रत्येक घराने घ्याव्या असे नाही. मंडळाच्या ग्रंथालयात एक कपाट खेळांसाठी राखावे आणि त्यासोबत एक वही ठेवावी. पेटी नेणाऱ्या कुटुंबाने ती परत करताना वहीत चार ओळी मराठीत लिहाव्या: किती जण खेळले, वये काय होती, वेळ किती लागला, कोण कंटाळले, आणि पुन्हा खेळावेसे वाटले काय. एकदा खेळून मत देऊ नये. निदान तीन वेळा, वेगवेगळ्या माणसांसह खेळावे. पेटीच्या देखणेपणास भुलू नये. आणि ते लिहिण्याचे काम शक्यतो घरातल्या मुलांकडे सोपवावे. खेळाची पारख तर होईलच. पण मुलांच्या हातचे चार ओळींचे मराठीही त्या वहीत साठत जाईल.