लस जुनी की नवी, एवढाच प्रश्न नाही



करोनाच्या साथीत गिरगाव-लालबागच्या चाळींतून एक प्रश्न वारंवार विचारला गेला : जुन्या पद्धतीची लस बरी की नवी? मारलेला विषाणू टोचणारी कोव्हॅक्सिन परिचित मार्गाची. दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूवरून संदेश पोचविणारी कोविशील्ड आणि पुण्यात तयार होऊन २०२२ साली परवानगी मिळालेली एम-आरएनए लस नव्या मार्गाच्या. नवे तेवढे धोक्याचे, हा निष्कर्ष सोपा आहे. परळचा इतिहास मात्र त्याला दुजोरा देत नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. मागणी वाढली, तेव्हा कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवणारी नवी पद्धत त्यांनी स्वीकारली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मालकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. चौकशीने नव्या पद्धतीवर ठपका ठेवला व हाफकिन यांना पद गमवावे लागले. पुढे पुरावा तपासला, तेव्हा बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरल्याचे दिसले. १९०७ साली रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी जाहीर बाजू घेतली आणि हाफकिन दोषमुक्त ठरले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले.

उलट उदाहरणही आहे. १९५५ साली अमेरिकेत कटर कंपनीची पोलिओ लस मारलेल्या विषाणूची, म्हणजे जुन्याच मार्गाची होती. काही साठ्यांत विषाणू जिवंत राहिला; मुले पंगू झाली, काही मृत्यू पावली.

नव्या लसीही निर्दोष नाहीत. कोविशील्डच्या जातीच्या लसीनंतर क्वचित रक्ताच्या गुठळ्या, तर एम-आरएनए लसीनंतर विशेषतः तरुण पुरुषांत क्वचित हृदयस्नायूंचा दाह आढळला. २०२१ साली हे उघड झाले, कारण काही देशांनी नोंदी ठेवल्या, जुळविल्या आणि वयोमर्यादा बदलल्या. तात्पर्य, सुरक्षितता पद्धतीच्या वयावर नव्हे, तर उत्पादनातील दक्षता, बाटलीची हाताळणी आणि उघड्या नोंदवहीवर अवलंबून असते.

लस बहुसंख्यांना वाचविते. म्हणूनच क्वचित इजा झालेल्याचा भार सर्वांनी उचलावयास हवा. २०२२ साली केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात भूमिका घेतली, की अशा मृत्यूंची भरपाई देण्यास सरकारला थेट जबाबदार धरता येणार नाही. कुटुंबीयांनी दिवाणी न्यायालयात जावे. गिरणी कामगाराच्या विधवेने औषधकंपनीशी वर्षानुवर्षे दावा लढवावा, असाच याचा अर्थ! सार्वजनिक हितासाठी दंड पुढे करणाऱ्याला सार्वजनिक संरक्षण मिळालेच पाहिजे. कार्यकर्त्यांनी वस्तीत लसीचा प्रचार अवश्य करावा. पण त्याबरोबरच खुली नोंद आणि भरपाईचा हक्क यांची मागणीही तितक्याच निर्धाराने करावी.