बाळंतविड्यात आणखी एक गोष्ट

(मंडळाच्या गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर)



काल गौरी जेवल्या, आज त्यांना निरोप. माहेरवाशिणीविषयी बोलायला दिवस बरा आहे. संयोजकांनी विषय दिला, ‘बाळंतपणानंतरचे मानसिक आरोग्य’. नाव जड आहे. जोयडा तालुक्यात बाजारकुणंगच्या बाजूला मी बरीच वर्षे वाड्यावाड्यांतून बाळंतिणी बघत फिरले. तिथं हे नाव कोणी घेत नाही. ‘तिचं मन लागत नाही’, ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’ असं म्हणतात आणि अंगारा लावतात. अंगारा लावू नका असं मी म्हणणार नाही. पण तेवढ्यावर थांबू नका.

आधी माझ्याच घरातलं सांगते. लेकीला विचारूनच सांगते आहे.

ती पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली. डिंक, अळीव, शेकशेगडी, बाळंतविडा, सगळं मी दोन महिने आधी जमवलं होतं. मुलगी झाली. तिसऱ्या दिवसापासून ही रडू लागली. ते मला नवीन नव्हतं. बऱ्याच जणींना तसं होतं आणि दहा-पंधरा दिवसांत ओसरतं. हिचं ओसरलं नाही. बाळ झोपलं तरी हिला झोप नाही, लाडू तसेच डब्यात. मी आपली म्हणत राहिले, ‘अगं, आमच्या वेळी कुठं होती एवढी मदत?’ एका संध्याकाळी ती सहज म्हणाली, ‘आई, हल्ली मी बाळाला घेऊन विहिरीकडं जात नाही.’ का गं? ‘भीती वाटते. माझीच.’

दुसऱ्यांच्या सुनांचा रक्तदाब, टाके, बाळाचं वजन मी इतकी वर्षे वहीत लिहून घेतलं. ‘झोप लागते का? मनात काय येतं?’ हे पोटच्या पोरीला विचारलं नव्हतं. त्या रात्री मी बाळ माझ्याकडे घेतलं, तिला एकटं सोडलं नाही आणि सकाळी डॉक्टरांकडे नेलं. अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं असतात, ती त्यांनी दिली. बरं वाटायला काही महिने लागले. नात आता शाळेत जाते.

आपल्या शेजारच्या गोव्यातला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात 270 गरोदर बायकांची नोंद करून त्यांचा पाठपुरावा केला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलं तर 23 टक्के जणींना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी न पटणं, मारहाण आणि मुलगाच हवा ही अपेक्षा यांचा त्याच्याशी संबंध दिसला. शेवटचं वाक्य इथल्या सासवांसाठी दोनदा म्हटलं तरी चालेल. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. नैराश्य आलेल्यांपैकी 78 टक्के जणी गरोदरपणीच मनाने खचलेल्या होत्या. म्हणजे बाळ व्हायच्या आधीच ते दिसू शकत होतं. डोहाळजेवणात हिरवी साडी, फुलांचे दागिने, फोटो, सगळं होतं. त्याच दिवशी तिला बाजूला घेऊन कोणी विचारतं का?

म्हणून तयारी सातव्या महिन्यात करा. आधी कधी मनाचा आजार झाला होता का, घरात कोणाला होता का, हे डॉक्टरांना लाज न बाळगता सांगा. रात्रीचं एक पाजणं झालं की बाळाला कोण सांभाळणार, म्हणजे आईला सलग चार तास झोप मिळेल, हे आधी ठरवा. नवऱ्याचं नाव त्यात असायला हवं. तो बाराव्या दिवशी पेढे घेऊन येणारा पाहुणा नव्हे. आणि सव्वा महिन्यात आठवड्यातून एकदा तिला कोण विचारणार, तेही ठरवा. शक्यतो सासू किंवा आई नको. आमच्यासमोर मुली ‘बरी आहे’ म्हणतात. मैत्रीण, बहीण, आशाताई चालेल. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारावं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिला बोलायला वाट मिळते.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखादी झोपेशिवाय फिरते, असंबद्ध बोलते, कोणी नसताना आवाज ऐकते, बाळाबद्दल भलतंच काही सांगते. हे हजारात एक-दोघींना होतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका. धारवाडला डिमहान्स आहे. बेंगळूरच्या निमहान्समध्ये आई आणि बाळ एकत्र राहतील असा विभाग आहे. ‘दाखल केलं तर बाळ हिरावून घेतील’ ही भीती मी फार ऐकली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करता येत नाही. बाळाला धोका असेल तरच, आणि तेही तात्पुरतं.

सरकारचा टेलिमानस क्रमांक 14416 आहे, पैसे लागत नाहीत. आता तुम्ही म्हणाल, आमच्या वाडीत रेंज कुठली? खरंय. म्हणून तयारीत हेही धरा: कुठल्या टेकाडावर फोन लागतो, रात्री जीप कोणाची मिळते, पावसात कुठल्या रस्त्यानं निघायचं. प्रसूतीसाठी हे आपण ठरवतोच. तोच कागद पुढचे सहा महिने भिंतीवर राहू द्या.

दाराशी टेबलावर असे कोरे कागद ठेवलेत, वर क्रमांक छापलाय. घरात कोणी गरोदर असेल तर जाताना एक घ्या. नसेल तर शेजारी द्या.