सुभेदार रामजी : एका बापाची आठवण

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात उभं राहून आयुष्य गेलं. शाळा सातवीत सुटली, पुढचं जे काही वाचलं ते रातपाळीच्या मधल्या सुट्टीत. समितीनं सांगितलं, बाबासाहेबांवर बोला. आम्ही म्हटलं, बाबासाहेबांवर बोलणारे पुष्कळ आहेत, आम्ही त्यांच्या वडिलांवर बोलतो. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. आपल्या घरोघरी बाबासाहेबांचा फोटो आहे, रमाईचा आहे. सुभेदारांचा किती घरांत आहे? हात वर करायला सांगत नाही, आमच्याही घरात नव्हता.

गाव त्यांचं आंबडवे, तालुका मंडणगड, जिल्हा रत्नागिरी. वडील मालोजी पलटणीत. रामजी पलटणीत गेले, पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले आणि लष्करी शाळेत चौदा वर्षं हेडमास्तर होते. हे नीट ध्यानात घ्या. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ, तो माणूस पलटणीत शिकवत होता. पलटणीत सैनिकांच्या पोरांना, पोरींनासुद्धा, शिक्षण सक्तीचं होतं. बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा, महूच्या छावणीतला. चौदावं अपत्य. चौदांतली पाचच पुढं जगली, हेही ध्यानात असू द्या.

आणि 1892 च्या सुमारास सरकारनं महारांची लष्करभरतीच बंद केली. ज्या दारातून रामजी आत आले ते दार पोरांच्या तोंडावर लावलं. चरित्रकार सांगतात की न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्ज लिहून घेऊन सुभेदारांनी सरकारकडं धाव घेतली होती. उपयोग झाला नाही. महार रेजिमेंट उभी राहिली ती 1941 साली, त्यासाठी झटणाऱ्यांत त्यांचाच मुलगा होता.

पेन्शन घेऊन सुभेदार दापोलीला आले, तिथून साताऱ्याला. आपला खानापूर तालुका त्या वेळी सातारा जिल्ह्यातच होता, म्हणजे ते आपल्याच जिल्ह्यात आले म्हणा. बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी मिळाली. आणि साताऱ्यातच भीमाबाई गेल्या. पोरं लहान. पाठीनं अधू असलेल्या मीराआत्यानं ती सांभाळली. 7 नोव्हेंबर 1900 ला सुभेदारांच्या भिवाचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीत पडलं.

दुष्काळ पडला तेव्हा सुभेदारांना खटाव तालुक्यात पाठवलं. दुष्काळी कामावर तलाव खोदत होते, तिथं रोखपाल म्हणून. खटाव म्हणजे आपल्या शिवेला लागून, मायणी ओलांडायचा तर अवकाश. 1901 साली सुट्टीत भिवा, थोरला भाऊ आणि भाचा वडिलांना भेटायला निघाले. नवे कपडे, नव्या टोप्या, पहिल्यांदाच आगगाडी. मसूर स्टेशनला उतरले तर न्यायला कोणी नाही. जात कळली तसा स्टेशनमास्तर मागं सरला. गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडं, वर गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार. जवळ भाकरी होती, पाणी कुणी दिलं नाही. रात्र तशीच काढली. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पत्र आलं होतं, पण नोकर सुभेदारांना द्यायला विसरला. पोरं दारात उभी राहिली तेव्हा त्या बापाला काय वाटलं असेल ते कुठं लिहिलेलं नाही. आम्ही मायणीच्या रस्त्यानं यष्टीतून जातो तेव्हा आम्हाला तेच आठवतं.

सुभेदारांनी दुसरं लग्न केलं. भिवाला ते सहन झालं नाही. आईचे दागिने दुसऱ्या बाईच्या अंगावर बघून तो रुसला आणि ठरवलं, मुंबईला जाऊन मिलमध्ये पोऱ्या म्हणून लागायचं. साताऱ्याची पोरं तशी जातच होती. भाड्यासाठी आत्याची पिशवी मारायचा बेत केला, तीन रात्री साधलं नाही, चौथ्या रात्री पिशवी हाती लागली तर आत अर्धा आणा! तेव्हा बेत सोडला आणि अभ्यासाला लागला. आम्ही गिरणीकामगार, म्हणून ही गोष्ट आम्हाला फार लागते. आत्याच्या पिशवीत चार रुपये असते तर?

मग मुंबई. परळची डबक चाळ, एक खोली. तिथंच चूल, धूर, उशाशी जातं, पायाशी शेळी. पन्नास रुपयांची पेन्शन. पोराला लवकर झोपवायचं, आपण जागं राहायचं, रात्री दोनला त्याला उठवायचं आणि मग आपण त्या जागेवर पडायचं. पुस्तक पाहिजे म्हटलं की सुभेदार निघाले लेकीकडं. पैसे नसले तर तिचा दागिना मागायचा, मारवाड्याकडं ठेवायचा, पेन्शनला सोडवून परत द्यायचा. त्या लेकींची नावं, मंजुळा आणि तुळसा, ह्या विहारात आज घेतलीच पाहिजेत.

संध्याकाळी पोरांकडून अभंग, कबीराचे दोहे, रामायण-महाभारत. पोरानं विचारलं, हे का वाचायचं? बापानं सांगितलं, आपण अस्पृश्य, मनाला कमीपणा चिकटतो. द्रोण, कर्ण हे लहान घरातून वर आले ते बघ. पोराला ते पटलं नाही. ते त्यानं तोंडावर सांगितलं आणि बापानं ऐकून घेतलं. पोराच्या सत्काराची गोष्ट निघाली तेव्हा सुभेदार म्हणाले, नको, पोराच्या डोक्यात हवा जाईल. दादा केळुसकरांनी गळ घातली म्हणून सत्कार झाला आणि तिथंच केळुसकरांनी आपलं बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती दिलं. कोणी म्हणतं मॅट्रिकनंतर, बाबासाहेब स्वतः इंग्रजी चौथीनंतर म्हणतात. आम्ही बाबासाहेबांचं धरतो.

सुभेदार देव नव्हते. आनंदरावांचं शिक्षण थांबवून त्यांना नोकरीला लावावं लागलं, दोघांचं झेपेना. इथं आम्हाला आमचं सांगितलं पाहिजे. आम्हीही थोरल्याला बारावीनंतर मशीनवर लावलं. वर्षानुवर्षं आम्ही स्वतःला सांगत आलो की सुभेदारांनीही तेच केलं. पण त्यांनी एकाला थांबवलं ते दुसऱ्याच्या पुस्तकांसाठी. आम्ही त्या वर्षी घरावर स्लॅब टाकला. पोरगं आज समोर बसलंय. आजवर त्यानं शब्दानं बोलून दाखवलं नाही.

जानेवारी 1913 ला भीमराव बडोद्याला नोकरीवर गेले, तोच वडील आजारी असल्याची तार. परतताना सुरतेला ते वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी पोचले. सुभेदारांनी पाठीवरून हात फिरवला आणि डोळे मिटले. 2 फेब्रुवारी 1913. त्याच वर्षी लेक अमेरिकेला गेला. बापानं ते पाहिलं नाही. 1923 साली रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ निघाला तो आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे.

समितीला एकच विनंती. मागची खोली रात्री दहाला बंद होते. ती पोरांसाठी पहाटेपर्यंत उघडी ठेवा, लाईटचं बिल आम्ही आमच्या पगारातून भरू. आणि दोन वाजता उठवायला माणूस पाहिजे असेल तर आमची रातपाळी नसेल त्या आठवड्यात आम्ही येऊ. आमची धाकटी तिथंच बसणार आहे.

जयभीम.