मुलींच्या हक्कांची जागतिक साखळी आणि आपला गट

(11 ऑक्टोबरच्या आंतरराष्ट्रीय बालिका दिनानिमित्त प्रभाग संघाच्या मेळाव्यात झालेलं भाषण. ज्या सख्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



3 जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, तेव्हा आपण बालिका दिन करतो. 24 जानेवारीला राष्ट्रीय बालिका दिन असतो. मग 11 ऑक्टोबरचा हा तिसरा दिवस कशाला, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. या दिवसाची गोष्ट सांगते, म्हणजे आपला त्याच्याशी काय संबंध तेही कळेल.

आधी एक साधी गोष्ट बघा. एकटी बाई बँकेत गेली तर साहेब वर बघत नाही. दहा-बारा जणींचा गट गेला तर खुर्ची देतो. गटांचा ग्रामसंघ झाला, ग्रामसंघांचा प्रभाग संघ झाला, की तालुक्याचा अधिकारी आपल्या मेळाव्याला येतो. जगभरातल्या मुलींसाठी काम करणाऱ्या संस्थांनीही हेच केलं. एकेकटी संस्था सरकारला पत्र लिहायची आणि पत्र फायलीत जायचं. मग अनेक देशांतल्या संस्थांनी मिळून आघाड्या बांधल्या. एकीने माहिती गोळा करायची, दुसरीने कायदा अभ्यासायचा, तिसरीने मुलींना बोलायला उभं करायचं आणि मागणी मात्र सगळ्यांनी एकच मांडायची.

1995 साली चीनमध्ये बीजिंगला जागतिक महिला परिषद झाली. 189 देशांची सरकारं होती. शेजारीच स्वयंसेवी संस्थांचा वेगळा मेळावा भरला होता, तिथे जगभरातून हजारो बाया आल्या होत्या. परिषदेत 12 मोठे विषय ठरले. त्यातला शेवटचा, बारावा विषय होता ‘मुलगी’. तो यावा म्हणून आफ्रिकेतल्या बाया अडून बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं, की बाईचे हक्क म्हणता तेव्हा मुलगी सुटते आणि बालकांचे हक्क म्हणता तेव्हाही मुलगी सुटते. बाई म्हणून ती लहान, आणि मूल म्हणून मुलग्याच्या मागे. तिचं नाव वेगळं लिहा. आणि ते लिहिलं गेलं.

पुढे प्लॅन इंटरनॅशनल या संस्थेने ‘कारण मी मुलगी आहे’ अशा अर्थाची मोहीम अनेक देशांत चालवली. मुलींसाठी जगाचा एक दिवस हवा, ही मागणी त्या मोहिमेतून आली. कॅनडाच्या सरकारने ती उचलून धरली, मुली स्वतः संयुक्त राष्ट्रांत जाऊन बोलल्या आणि 19 डिसेंबर 2011 रोजी ठराव मंजूर झाला. पहिला दिवस पाळला गेला 11 ऑक्टोबर 2012 ला. त्या वर्षी विषय होता बालविवाह. आणि त्याच्या दोनच दिवस आधी, 9 ऑक्टोबरला, पाकिस्तानात स्वात खोऱ्यात शाळेतून घरी निघालेल्या 15 वर्षांच्या मलालाला गोळी घातली गेली. मुलींना वेगळा दिवस कशाला, याचं उत्तर त्या आठवड्यात जगाला मिळालं.

आता एक नाव सांगते, ते तुमच्या ओळखीचं असेल. इला भट्ट. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेच्या इलाबेन. 1974 साली भाजीवाल्या, चिंध्या वेचणाऱ्या, डोक्यावर ओझी वाहणाऱ्या अशा 4,000 बायांनी दहा-दहा रुपये काढून स्वतःची बँक सुरू केली, त्या कामामागे इलाबेन होत्या. पुढे नेल्सन मंडेलांनी 2007 मध्ये जगातल्या जाणत्या माणसांचं एक मंडळ केलं, त्यात त्यांना बोलावलं. याच मंडळाने 2011 मध्ये बालविवाहाविरुद्ध संस्थांची जागतिक आघाडी उभी केली. तिचं नाव ‘गर्ल्स नॉट ब्राइड्स’, म्हणजे ‘मुली आहेत, नवऱ्या नव्हेत’. आज त्यात हजाराहून जास्त संस्था आहेत, काही मोठ्या, तर काही दोन-चार गावांत काम करणाऱ्या.

या आघाडीने काय मिळवलं? 2000 साली जगातल्या देशांनी विकासाची उद्दिष्टं ठरवली, त्यात बालविवाहाचं नावही नव्हतं. 2015 मध्ये नवी उद्दिष्टं ठरली तेव्हा 2030 पर्यंत बालविवाह थांबवायचा, असं स्वच्छ लिहिलं गेलं. ते लिहिलं जावं म्हणून या संस्थांनी देशोदेशी पाठपुरावा केला होता. तुम्ही म्हणाल, कागदावर लिहून काय होतं? बरोबर आहे. पण कागदावर नसेल तर मागायचं कशाच्या आधारावर?

कागद गावापर्यंत कसा येतो ते आफ्रिकेतल्या मलावी देशात बघा. तिथे मेमरी बांडा नावाची मुलगी होती. तिची धाकटी बहीण 11 व्या वर्षी गरोदर राहिली आणि तिचं लग्न लावून दिलं. मुली वयात आल्या की त्यांना एका शिबिरात पाठवायची तिथे रीत आहे. मेमरीने तिथे जायला नकार दिला. लोकांनी नावं ठेवली. तिने आणि तिच्यासारख्या मुलींनी एका स्थानिक संस्थेच्या मदतीने मोहीम चालवली, ‘मी म्हणेन तेव्हा लग्न करीन’. गावच्या प्रमुखांना भेटल्या, आमदार-खासदारांपर्यंत गेल्या. बाहेरच्या संस्थांनी त्यांना शिकवलं, पाठबळ दिलं, पण बोलल्या त्या मुलीच.

2015 मध्ये मलावीत लग्नाचं वय 18 करणारा कायदा झाला. तरी एक फट राहिली. देशाच्या घटनेत आईबापांच्या संमतीने 15 व्या वर्षी लग्नाला मोकळीक होती. म्हणजे पुढचं दार बंद, मागचं उघडं. मुली आणि संस्था थांबल्या नाहीत. 2017 मध्ये घटनाच बदलली.

त्याच देशात डेड्झा जिल्ह्यात थेरेसा काचिंडामोटो या प्रमुख होत्या. आपल्या हद्दीतल्या गावप्रमुखांकडून त्यांनी बालविवाह बंदीच्या करारावर सह्या घेतल्या. तरीही ज्यांनी लग्नं होऊ दिली त्यांना पदावरून दूर केलं. लग्न रद्द झाल्याची खात्री पटल्यावरच परत घेतलं. शेकडो लग्नं त्यांनी मोडली आणि मुलींना शाळेत पाठवलं. कायदा राजधानीत झाला, पण मुलगी वर्गात बसली ती गावातल्या बाईमुळे.

आता काही जण म्हणतात, हे परदेशी खूळ आहे. त्यांना आपलाच इतिहास सांगा. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न 11 व्या वर्षी झालं. मोठेपणी त्यांनी सासरी जायला नकार दिला. नवरा कोर्टात गेला. नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असा निकाल 1887 मध्ये लागला, तेव्हा त्या म्हणाल्या, मी तुरुंगात जाईन. पुढे विलायतेत शिकून त्या डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, तिथे त्यांच्या कामासाठी गावोगावी मंडळं निघाली आणि दहा वर्षं वर्गणी द्यायचं वचन लोकांनी दिलं. त्या आधारावर 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. साता समुद्रापलीकडच्या बायांनी वर्गणी काढून आपल्या मुली-बायांना शिकवलं. ही साखळी नवी नाही, सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिचं एक टोक कायम आपल्याकडे होतं.

मग आज आपण कुठे आहोत? सरकारच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वर्षांच्या बायांपैकी 21.9 टक्के जणींचं लग्न 18 च्या आत झालं होतं. पाच जणींमागे एक. आपल्या मेळाव्यातल्या तरुण सुनांकडे नजर टाका आणि मनातल्या मनात मोजा.

कारणं मी तुम्हाला काय सांगणार? ऊसतोडीला निघायचं तर वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल मिळते, म्हणून हंगामाच्या तोंडावर लग्नं उरकतात. शाळा सातवीपर्यंत गावात, पुढची सहा किलोमीटरवर. रस्त्यात टवाळ पोरं. आई वाईट नसते, आई घाबरलेली असते. म्हणून नुसता पोलिसांचा धाक दाखवून भागत नाही. धाक वाढला की लग्न रात्री होतं, परगावी होतं. थांबवलेल्या लग्नातली मुलगीही त्याच घरात परत जाते. तिच्या शाळेची, राहण्याची सोय झाली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

त्यासाठी चार कामं सुचवते. चारही आपल्या हातातली आहेत.

पहिलं काम कर्जाचं, आणि हे अवघड आहे. लग्नासाठी अंतर्गत कर्ज मागितलं की आपण रक्कम विचारतो, हप्ता विचारतो. यापुढे मुलीचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखलाही मागायचा. 18 पूर्ण नसेल तर लग्नासाठी कर्ज नाही. त्याच बाईला मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज हवं असेल तर तिचा नंबर पहिला. एखादी सखी रागावेल, गट सोडते म्हणेल. तिच्या घरी दोघी-तिघींनी जायचं, एकदा नाही, चारदा जायचं. सावकाराकडून कर्ज काढून तिने लग्न लावलं तर आपण हात झटकून मोकळ्या होणार नाही. पण गटाचा पैसा त्यात जाणार नाही, एवढं तर आपण ठरवू शकतो.

दुसरं, सोयींची माहिती. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा पास मोफत आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. हंगाम सुरू होण्याआधी, कोणत्या घरातून आईबाप जाणार आणि मुलगी मागे राहणार, याची यादी ग्रामसंघाने करायची.

तिसरं, कायद्याचा वापर. आपल्या गावचा ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, अंगणवाडी सेविका त्याला मदत करते. 1098 या नंबरवर फोन केला तर तुमचं नाव उघड होत नाही. कोर्टाकडून मनाई हुकूम मिळतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न कायद्याने लग्नच नसतं. आणि झालेलं लग्न नको असेल, तर 18 पूर्ण झाल्यावर दोन वर्षांच्या आत ती मुलगी स्वतः कोर्टात ते रद्द करून मागू शकते. हे बहुतेक मुलींना कुणी सांगतच नाही. तुम्ही सांगा.

चौथं, नोंद आणि आवाज. आपलं सरकार दर काही वर्षांनी संयुक्त राष्ट्रांना बालहक्कांचा अहवाल देतं. त्याच वेळी संस्थांच्या आघाड्या आपला वेगळा अहवाल देतात, जिथे सरकारच्या कागदात आणि गावात फरक असेल तिथे बोट ठेवतात. तो फरक त्यांना कसा कळतो? कुणीतरी गावात लिहून ठेवलेलं असतं म्हणून. 12 ते 18 वयाच्या किती मुली, किती शाळेत, किती जणींनी सोडली आणि का, ही चार खान्यांची वही प्रत्येक ग्रामसंघाने ठेवावी. आणि महिला ग्रामसभेत एक विषय मुलींनी स्वतः मांडावा. मलावीच्या मुली बोलल्या, आपल्याही बोलतील. पहिल्यांदा लाजतील, पदराआड हसतील, मग शाळेच्या संडासाला दार नाही इथपासून सुरुवात करतील. ते लिहून घ्या. ठराव करून घ्या.

प्रत्येक गटाने येत्या बैठकीत कर्जाच्या नियमावर चर्चा करावी. पटलं तर ठराव इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्यावेत आणि नक्कल ग्रामसंघाकडे द्यावी. नाही पटलं तर का नाही, तेही लिहावं, म्हणजे पुढच्या मासिक सभेत त्यावर बोलता येईल. ठरावाचा मसुदा असा:

“आमच्या गटाकडून मुलीच्या लग्नासाठी कर्ज देताना तिच्या वयाचा दाखला पाहिला जाईल. वय 18 पूर्ण नसल्यास लग्नासाठी कर्ज दिले जाणार नाही. मुलीच्या शिक्षणासाठीच्या कर्जाला प्राधान्य राहील.”