पाऊस सारखा, वाट वेगळी

दोन देशांची तुलना करायची म्हटलं की आपण आधी फरक शोधायला लागतो. मी सुरुवात साम्यानं करणार आहे. आमच्या माण-खटाव भागात वर्षाकाठी सरासरी साडेचारशे ते पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला तो पाच हजारांच्या पुढे जातो. पण तो डोंगर उतरून आमच्या वडूजपर्यंत, येरळेच्या काठापर्यंत येता येता त्याची ओंजळ रिकामी होते. आता ऑस्ट्रेलियाचं बघा. तो अख्खा खंड घेतला तर तिथली पावसाची सरासरी साधारण ४६५ मिलिमीटर आहे. म्हणजे पावसाच्या हिशेबात ऑस्ट्रेलिया हा एक फार मोठा माणदेशच म्हणायचा!

दुसरं साम्य मेंढरांचं. २०१९च्या पशुगणनेत भारतात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या. ऑस्ट्रेलियातही आज सात-आठ कोटींच्या आसपास आहेत. पाऊस सारखा, मेंढरं सारखी. पण त्यांची जमीन आपल्या दुपटीहून जास्त आणि माणसं अवघी पावणेतीन कोटी. फरक सुरू होतो तो इथून.

ही तुलना माझ्या डोक्यात घातली ती व्यंकटेश माडगूळकरांनी. ते माडगूळचे, आटपाडी भागातले. त्यांच्या लहानपणी हा मुलूख औंध संस्थानात होता आणि औंध म्हणजे आमच्या खटाव तालुक्यातलंच गाव. पुढे तात्या पुणे आकाशवाणीत, खेड्यातल्या श्रोत्यांच्या कार्यक्रमात कैक वर्षं होते. ते ऑस्ट्रेलियाला गेले आणि परत येऊन त्यांनी पुस्तक लिहिलं – ‘पांढरी मेंढरे, हिरवी कुरणे’. या नावातच सगळं आलं. पांढरी म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढे आपली काळी मेंढरं असणार आणि हिरवी म्हणताना आपले करपलेले माळ. मी स्वतः तो देश पाहिलेला नाही. पुस्तकांतून आणि मेलबर्न-सिडनीला गेलेल्या आमच्या भागातल्या मुलांच्या फोनवरच्या गप्पांतून जेवढा कळला, तेवढाच.

आधी लोकर घेऊ. आपली दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम किलोभर लोकर देते, तीही राठ. सनगरानं ती कातून, विणून, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडं केलं की ते पावसात छत्री, थंडीत रजई आणि बैठकीला सतरंजी. ऑस्ट्रेलियातली मेरिनो मेंढी वर्षाला चार-पाच किलो लोकर देते, तीही रेशमासारखी मऊ. ही जात १७९७ साली तिथं पोचली आणि पुढच्या शंभर वर्षांत त्या देशाची तिजोरी तिनं भरली. आमचा देश मेंढीच्या पाठीवर बसून पुढं गेला, असं तिथले लोकच म्हणतात. पण बाजार कुणाचा सगा नसतो. सरकारी आधारभावाची योजना १९९१ साली कोसळली आणि सतरा कोटींवर गेलेली मेंढरं पुढच्या वर्षांत निम्म्याहून खाली आली. आपल्याकडं तर लोकरीला गिऱ्हाईकच उरलं नाही. कातरायची मजुरी निघत नाही म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून पुढं जाणारे मेंढपाळ मी पाहिले आहेत. आता मेंढी पाळायची ती मटणासाठी आणि लेंडीखतासाठी. आटपाडीच्या उत्तरेश्वराच्या यात्रेत २०२० साली एका माडग्याळी मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आल्याची बातमी होती. ती त्याच्या बाकदार नाकाची आणि वंशाची किंमत, लोकरीची नव्हे.

खरा फरक मात्र मेंढरं राखण्याच्या रीतीत आहे. कमी पावसाच्या मुलखात गवत एका जागी पुरत नाही. त्यावर दोन उपाय. एक म्हणजे गवत असेल तिकडं चालत जायचं. दुसरा म्हणजे इतकी जमीन घेरायची, की कुठं ना कुठं गवत असेलच. पहिला उपाय आपण केला, दुसरा त्यांनी.

आमच्याकडची मेंढरं दिवाळीनंतर निघतात. कुणी कृष्णाकाठाला, कुणी पार घाट उतरून कोकणात. रानात पीक निघालेलं असतं. शेतकरी मेंढरं बसवून घेतो. त्याला खत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य किंवा पैसे. रात्री वाघर लावायची आणि सकाळी ती गुंडाळून घोड्यावर लादायची. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, वाघर म्हणजे दोऱ्यांची जाळी. तेवढंच आमचं कुंपण आणि तेही आमच्याबरोबर चालणारं. हा सगळा व्यवहार तोंडी असतो. अमक्याचा वाडा अमक्याच्या रानात बसतो, हे आज्यापणज्यापासून ठरलेलं. सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही.

ऑस्ट्रेलियात मेंढरं तारेच्या आत असतात. तिथं शेताला ‘स्टेशन’ म्हणतात. ॲना क्रीक नावाचं गुरांचं एक स्टेशन आपल्या अख्ख्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठं आहे. डिंगो या रानटी कुत्र्यापासून मेंढरं वाचवायला त्यांनी साडेपाच हजार किलोमीटरांहून लांब तारेचं कुंपण घातलं आहे. आपल्याकडं लांडगा असतो. त्यानं एखादं कोकरू नेलं, तर जुनी माणसं शिव्या देतात, कुत्री सोडतात आणि शेवटी ‘त्याचा वाटा त्यानं नेला’ म्हणून गप्प बसतात.

कवी असल्यामुळं मला दोन्हीकडची गाणी शेजारी ठेवून पाहायचा मोह होतो. आपला धनगर सुंबरान मांडतो तेव्हा बिरोबाला साद घालतो. त्यात देवही मेंढरांमागं हिंडतो. ऑस्ट्रेलियाचं सर्वांत लाडकं गाणं ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’, बँजो पॅटरसन यांनी १८९५ साली रचलेलं. त्यातला नायक फिरस्ता, भुकेला मजूर आहे. तो डबक्याकाठी आलेली एक मेंढी पिशवीत घालतो. घोड्यावरून जमीनमालक येतो, मागून पोलीस येतात आणि पकडलं जाण्यापेक्षा हा माणूस पाण्यात उडी घेतो. श्रीमंत देशानं जवळजवळ राष्ट्रगीतासारखं मानलेलं हे गाणं एका मेंढीचोराचं आहे! कुंपणाच्या आतल्या देशालाही कुंपणाबाहेरचा माणूस विसरता आलेला नाही, असं मला ते वाचताना वाटतं.

कुंपणाबाहेर आणखीही माणसं होती. सगळ्यांत आधी तिथले आदिवासी. पन्नास-साठ हजार वर्षं ते त्या भूमीवर राहत होते. पण गोऱ्यांच्या कायद्यानं ती जमीन कुणाचीच नव्हती, म्हणून ती मेंढरांसाठी घेरता आली. जमीन कुणाचीच नव्हती हे खोटं आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं माबो खटल्यात मान्य केलं तेव्हा १९९२ साल उजाडलं होतं. हिरव्या कुरणांचा हिशेब करताना ही रक्कमही मांडावी लागते.

दुसरी माणसं आपल्याकडची. लोकरीचे गठ्ठे त्या वाळवंटातून रेल्वेपर्यंत न्यायला घोडे चालेनात, म्हणून १८६० पासून उंट आणले गेले आणि उंटांबरोबर उंटवाले. त्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. पण त्यांत पेशावरकडचे, बलुची, पंजाबी असे बरेच जण होते. बहुतेक मुसलमान. त्यांनी मारी नावाच्या वाळवंटी गावात मातीची मशीद उभारली. ॲडलेडला १८८०च्या दशकाच्या अखेरीस दगडी मशीद बांधली. १९०१ साली गोऱ्यांखेरीज इतरांना रोखणारा कायदा आला आणि मग लॉऱ्या आल्या. उंट रानात सोडून दिले गेले. आजही त्यांची रानटी प्रजा तिथं आहे. ब्रोकन हिलच्या जुन्या मशिदीत एक जाडजूड ग्रंथ जपून ठेवला होता. सगळे त्याला कुराण समजत. सामिया खातून या अभ्यासक बाईंनी तो उघडून वाचला, तर तो निघाला बंगाली भाषेतला पद्यग्रंथ, पैगंबरांच्या कथा सांगणारा. ही हकीकत त्यांच्या २०१८ सालच्या ‘ऑस्ट्रेलियानामा’ या पुस्तकात आहे. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमानाला ती फार जवळची वाटली. माणूस कुठंही गेला, तरी आपल्या भाषेतली कविता गाठोड्यात बांधून नेतो आणि लोक वरचं कापड बघूनच आत काय असेल ते ठरवतात.

आता शाळेकडं येऊ. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपानं आली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीत एक कोवळा मास्तर शाळा चालवायला जातो. शाळा रुजते, आणि मग दुष्काळ पडतो. मेंढरं घेऊन माणसं वाडी सोडतात. मास्तर आणि शाळा मागं राहतात. साधारण त्याच काळात, १९५१ साली, ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला एक शाळा सुरू झाली. वाळवंटातल्या स्टेशनांवरची मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा रेडिओवरून त्यांच्याकडं गेली. खेडोपाडी विमानानं जाणाऱ्या डॉक्टरांसाठी जे बिनतारी संच होते, त्यांवरच वर्ग भरू लागले. मुलगा बोलायचा, बाई शेकडो मैलांवरून उत्तर द्यायच्या. आज तीच शाळा उपग्रहावरून चालते. महाराष्ट्राच्या चौपट मुलखात मिळून शंभरेक मुलं. तरी त्यांच्यासाठी ती चालू आहे.

आपल्याकडं शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला. हंगामी वसतिगृहंही निघाली. पण ती मुलाला मागं ठेवा म्हणतात. वाड्याबरोबर निघालेल्या पोराच्या मागोमाग शाळा जात नाही. ज्याच्या बापाच्या खिशात आता मोबाईल आहे, त्याच्यापर्यंत पाढे पोचवणं १९५१ सालच्या रेडिओपेक्षा अवघड आहे का?

शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुंपणांच्या त्या देशानं एक वाट मोकळी ठेवली आहे. न्यू साऊथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये जनावरं हाकत नेण्याचे जुने मार्ग सरकारी जमीन म्हणून राखलेले आहेत. रस्त्याकडेचे ते रुंद, लांबच लांब पट्टे आहेत. लोक प्रेमानं त्यांना ‘लांब कुरण’ म्हणतात. दुष्काळ पडला, की परवाना काढायचा, शुल्क भरायचं आणि आपला कळप त्या वाटेनं घेऊन निघायचं. एका जागी ठिय्या देता येत नाही. रोज ठरलेलं अंतर चालायलाच लागतं, म्हणजे मागून येणाऱ्यालाही गवत राहतं. आपल्या मेंढपाळाला हे कुणी शिकवायला नको. तिथं ते नकाशावर आणि कायद्यात आहे, एवढंच.

आपल्याकडं वनहक्क कायद्यानं २००६ साली भटक्या पशुपालकांचा चराईचा हक्क मान्य केला. पण तो वनजमिनीपुरता. गावातली वाट, गायरान, पाणवठा यांचं काय? गेल्या काही वर्षांत उरमोडीचं, जिहे-कठापूरचं, टेंभूचं पाणी आमच्या भागात आलं. ज्यानं पाण्यासाठी कावड खांद्यावर वाहिली, त्यालाच या पाण्याचं मोल कळेल. मी त्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण पाण्याबरोबर ऊस आला, डाळिंब-द्राक्षाच्या बागा आल्या, बागेला तार आली. गायरानांवर सौरऊर्जेच्या काचा उभ्या राहू लागल्या. जिथं मेंढरं बसत, तिथं बारमाही हिरवं झालं आणि मेंढपाळ डांबरी सडकेवर, ट्रकच्या हॉर्नपुढं आला. ऑस्ट्रेलियाचं कुंपण आपण घेतलं. त्यांची राखीव वाट घ्यायची राहिली.

तोंडी करार माणसं ओळखीची असतात तोवर टिकतो. जमीन विकली गेली, मुलगा पुण्याला गेला, नवा मालक आला, की तो संपतो. म्हणून आता कागद हवा. तो करायला कॅनबेरा गाठायला नको, ग्रामसभा पुरेशी आहे. गावाच्या आराखड्यात कालव्याच्या निळ्या रेघेशेजारी मेंढरांच्या वाटेचीही एक रेघ काढावी आणि ती वाट पाण्याला जिथं भेटते, तिथं एक पाणवठा मोकळा ठेवावा. पुढच्या दिवाळीनंतर वाडे निघतील, तेव्हा त्यांना एवढं तरी दिसलं पाहिजे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)