फर्स्ट परेड



मी पायदळातून निवृत्त झालेला माणूस. सध्या मुक्काम जबलपूर. आयोजकांनी मला विचारलं, "सर, निवृत्तीनंतर छंद कसे जोपासावेत यावर बोलाल का?" मी म्हटलं, बोलेन. पण कसे जोपासू नयेत, तेही सांगेन. त्यातला माझा अनुभव जास्त पक्का आहे.

माझे छंद तीन. जुनी गाडी दुरुस्त करून चालती ठेवणं, रानावनात फोटो काढणं आणि तंबू घेऊन नदीकाठी जाऊन राहणं. तिन्ही ऐकायला छान वाटतात. पण यातल्या एका छंदापायी मी माझ्या बायकोचा आणि नातीचा जीव धोक्यात घातला होता. ती गोष्ट आज सांगणार आहे.

आधी गाडी. गाडी म्हणजे जोंगा. फौजेतल्या लोकांना हे नाव सांगितलं की चेहरा खुलतो. बाकीच्यांना ती माहीत झाली २०१९ मध्ये, महेंद्रसिंग धोनीनं रांचीत एक घेतली तेव्हा. माझ्या दोन भाच्यांनी त्या आठवड्यात फोन केले, "मामा, तुम्ही चालवायचात ती हीच का?" हीच. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली, या लांबलचक नावाची आद्याक्षरं म्हणजे जोंगा. मूळ गाडी जपानच्या निसानची, पेट्रोल नावाची. इथं आपण तिच्यात पेट्रोल ओतत राहतो, तो भाग वेगळा. १९६९ पासून १९९९ पर्यंत ती इथं जबलपूरला बनली. सहा सिलिंडर, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. माझी गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर जाते, तेही तिचा मूड असेल तर.

मी लेफ्टनंट असताना आमच्या पलटणीत जोंगावर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसवलेली असायची. त्या गाडीत उभं राहून धूळ खाल्लेला माणूस ती विसरत नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर, घरी बसून बायकोच्या स्वयंपाकघराचं इन्स्पेक्शन करायला लागल्यावर तिनंच सांगितलं, "अहो, हे घर आहे, बटालियन नाही. बाहेर काहीतरी शोधा." मी जोंगा शोधली.

फौजेच्या लिलावात निघालेली, मग दोन मालकांकडे फिरून एका शेतात तीन वर्षं उभी राहिलेली. पत्र्यातून हात आरपार जात होता. सीटखाली मुंगसाचं घर. इंजिन मात्र जाम झालेलं नव्हतं. हँडल मारलं तर फिरलं. तेवढ्यावर मी पैसे मोजले.

ज्यांना असा नाद करायचाय त्यांना इथंच एक सांगून ठेवतो. गाडी बघण्याआधी कागद बघा. लिलावातला सुटकेचा कागद, आरटीओची नोंदणी, चॅसीवरचा आणि इंजिनावरचा नंबर जुळतो का, हे सगळं. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, त्यासाठी गाडी फिटनेसला पास व्हावी लागते. २०२१ पासून व्हिंटेज गाड्यांचा वेगळा नियम आहे. त्यात गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात आणि ती रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली वगैरेंसाठीच. दिल्लीकडच्या मंडळींनी तर आधी आरटीओत जाऊन विचारावं, मग गाडीच्या प्रेमात पडावं. गंज काढता येतो. कागद नसतील तर काही करता येत नाही.

मला एक मिस्त्री भेटले. वयानं माझ्यापेक्षा मोठे, आयुष्य याच गाड्यांच्या कारखान्यात गेलेलं. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. त्यांची पद्धत अशी, की एका दिवशी एकच काम. कार्बोरेटर उघडला तर त्या दिवशी कार्बोरेटरच. पितळेचे जेट पेट्रोलमध्ये धुवायचे, तारेनं टोचायचे नाहीत, भोक मोठं होतं. कॉन्टॅक्ट पॉइंटमधलं अंतर फीलर गेजनं मोजायचं, अंदाजानं नाही. लीफ स्प्रिंगचे पाटे एकेक सुटे करून घासायचे. मी मधेच म्हणायचो, "उस्ताद, साथ में वो भी कर लेते हैं." ते हातातला पाना खाली ठेवायचे. "साहब, गाडी को ऑर्डर मत दीजिए."

दीड वर्ष लागलं. खर्च गाडीच्या किमतीच्या दुप्पट. रंग लागला आणि मी वीस वर्षांनी तरुण झालो.

आता चूक. आमच्या कोर्समधल्या जुन्या मित्रांचं पचमढीला भेटायचं ठरलं. तारीख पक्की. मला जोंगा घेऊनच जायचं होतं. ब्रेकचं काम शेवटी राहिलं होतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक, प्रत्येक चाकात व्हील सिलिंडर, त्यात रबराचे कप. ते कप जुने झाले की कडक होतात, ब्रेक ऑइल झिरपतं. उस्ताद म्हणाले चारही बदलायचे. तीन चाकांचं किट मिळालं. चौथं मुंबईहून येणार होतं, आठ दिवस लागणार होते. माझ्याकडे तीन दिवस होते. उस्तादांनी साफ नाही म्हटलं. मी म्हटलं, "पुराना अभी ठीक दिख रहा है. बंद करो." हो, ऑर्डरच दिली. त्यांनी ड्रम बंद केला आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

जाताना काही झालं नाही. मित्रांनी गाडीभोवती फोटो काढले, मी बॉनेट उघडून लेक्चर दिलं. परतीच्या सकाळी सगळ्यांचा निरोप, पुन्हा फोटो, त्यात उशीर झाला. बायको शेजारी, नात मागे. ती तेव्हा सात वर्षांची.

पचमढीहून मटकुलीकडे उतरताना घाट आहे. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला गेलं. माझ्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच आहे. एका चाकातून ऑइल गेलं की चारही चाकं गेली. पेडल पंप केलं, थोडं लागलं, मग तेही संपलं. डबल क्लच करून गिअर खाली घेतला. इंजिन ओरडलं, वेग थोडा उतरला. हँडब्रेक हळूहळू ओढला. समोरून बस आली असती तर मी आज इथं उभा नसतो. आली नाही. डोंगराच्या बाजूला मुरमाचा ढीग होता, त्यात डावी चाकं घातली. गाडी थांबली. नात म्हणाली, "आजोबा, पुन्हा करा." तिला तो खेळ वाटला होता.

बायको काही बोलली नाही. खाली उतरली, नातीला घेऊन दगडावर जाऊन बसली. मी मागच्या डाव्या चाकाखाली वाकून पाहिलं. टायरच्या आतल्या बाजूनं ऑइलचा ओघळ आला होता, आणि तो ताजा नव्हता. त्यावर धूळ बसली होती. म्हणजे सकाळी गाडीभोवती एक चक्कर मारून वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं.

फौजेत गाडीच्या तीन परेड असतात. सकाळी गाडी काढण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबलं की हॉल्ट परेड, संध्याकाळी लास्ट परेड. इंजिन ऑइल, पाणी, बॅटरी, टायर, ब्रेक, गळती. दहा मिनिटांचं काम. फर्स्ट परेड न केलेल्या ड्रायव्हरला मी कधी सोडलेलं नाही.

घरी आल्यावर रात्री बायकोनं एकच विचारलं. "तुमच्या युनिटमधल्या ड्रायव्हरनं हे केलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

मी म्हटलं, "मार्च-अप करून शिक्षा दिली असती."

"मग?"

त्या "मग"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मुलाला फोन केला आणि जे घडलं ते सगळं, चौथ्या किटसकट सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, आता ती तुमच्या गाडीत बसणार नाही." दुसऱ्या दिवशी उस्तादांकडे गेलो. माफी मागितली. ते म्हणाले, "ड्रम खोलिए." बस.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. मी काही बेफिकीर माणूस नव्हतो. मग असं का झालं? मला जे सापडलं ते तुमच्यापैकी निवृत्त झालेल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. तुम्ही बँकेतून झालेले असा, शाळेतून किंवा कारखान्यातून. नोकरीत असताना घाई मी तेव्हाही करायचो. पण माझ्या घाईला अडवणारी माणसं होती. कमांडिंग ऑफिसरची गाडी असली तरी इन्स्पेक्शनमध्ये ब्रेक खराब निघाले तर ती 'ऑफ रोड' व्हायची. एक हवालदार सावधानमध्ये उभा राहून सांगायचा, "साहब, गाडी नहीं जाएगी." आणि साहेब पायी जायचे. ती शिस्त माझी आहे असं मी चाळीस वर्षं समजत होतो. ती व्यवस्थेची होती. निवृत्तीनंतर पगार जातो, हुद्दा जातो, ते कळतं. आपल्याला 'नाही' म्हणणारं माणूस जातं, ते कळत नाही. आणि एखादं मिळालंच, तर आपण त्याला ऑर्डर देतो.

पुढच्याच मे महिन्यात परीक्षा झाली. नर्मदेच्या काठावर गोट्यांच्या पट्ट्यात टिटवीची अंडी दिसली. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांत चार अंडी घालते. रंग असा की पाय पडेपर्यंत कळत नाहीत. मी मोठी लेन्स लावून पालथा झोपलो. टिटवी ओरडत माझ्या डोक्यावर घिरट्या घालत होती. मला वाटलं, थोड्या वेळानं सरावेल आणि येऊन बसेल. अर्धा तास गेला. एक नावाडी लांबून बघत होता. तो जवळ आला आणि म्हणाला, "साहब, हट जाइए. अंडे पक जाएँगे."

क्षणभर राग आला. मग तो हवालदार आठवला. उठलो आणि लांब झाडाखाली जाऊन दुर्बिणीतून पाहिलं. टिटवी उतरली. थेट अंड्यांवर गेली नाही, आधी पाण्यात गेली. पोट बुडवून पिसं भिजवली, मग धावत येऊन अंड्यांवर बसली. उन्हाळ्यात भर उन्हात टिटवी अंडी गार ठेवते. त्या उन्हात अर्धा तास मी तिला तेवढं करू दिलं नव्हतं.

तेव्हापासून माझे नियम साधे आहेत. घरट्याचा फोटो नाही. पक्ष्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग लावून त्याला बोलवायचं नाही. पक्षी माझ्यामुळे हलला तर मी चुकलो. कान्हाला जातो तेव्हा जोंगा गेटबाहेर राहते, आत नोंदणी असलेली जिप्सी आणि गाइड. वाघामागे धावणं सोडलंय. बारशिंगे बघत बसतो. १९७० च्या सुमारास कान्हात ते सत्तरही उरले नव्हते. आज थंडीत सकाळी गवताळ मैदानात नर शिंगांवर गवताचे झुबके मिरवत फिरताना दिसतात. त्यासाठी किती जणांनी किती वर्षं वाट पाहिली असेल! मला दोन तास वाट बघायला काय हरकत आहे?

आणि तंबू. घाटातल्या त्या प्रसंगानंतर बायको वर्षभर जोंगात बसली नाही. मी आग्रह केला नाही. एके दिवशी तीच म्हणाली, "चला, पण तंबू कुठं लावायचा ते मी सांगणार." गेलो नर्मदेवर, बरगी धरणाच्या खालच्या अंगाला. वाळूचा सुंदर पट्टा. मी खुंट्या काढायला लागलो. ती म्हणाली, "इथं नाही. वर धरण आहे." मी आभाळाकडे पाहिलं, ढग नव्हता. पण धरणातून पाणी सोडायला ढग लागत नाहीत. मी खुंट्या उचलल्या आणि वर काठावर, झाडाखाली नाही पण झाडांजवळ तंबू लावला. सकाळी चहा करताना खाली पाहिलं. वाळूचा निम्मा पट्टा पाण्याखाली होता. तिनं पाहिलं, मी पाहिलं. कोणी काही बोललं नाही. मी तिच्या चहात साखर जरा जास्त घातली.

आता शेवटचं. छंद लावून घ्या, जरूर घ्या. हात काळे होतील असा एक, पाय चालतील असा एक. पण त्याबरोबर एक माणूस असं ठेवा, ज्याचं 'नाही' तुम्ही ऐकाल. मिस्त्री असो, नावाडी असो, बायको असो. आणि ऐकायचं तर त्या दिवशी ऐका, नंतर माफी मागायची वेळ येण्याआधी.

माझी नात आता दहा वर्षांची आहे. सुट्टीत येते. सकाळी वही-पेन्सिल घेऊन ती जोंगाभोवती फिरते. ऑइल, पाणी, टायर, गळती. चारही चाकांच्या आत वाकून बघते. तिनं बरोबरची खूण केल्याशिवाय मी किल्ली फिरवत नाही. गेल्या वेळी तिला पुढच्या चाकाजवळ थेंब दिसला. पाणीच होतं, रात्रीच्या पावसाचं. तरी त्या दिवशी गाडी बाहेर काढली नाही, आम्ही सायकलवर गेलो.

तिचे वडील तिला अजून माझ्याबरोबर घाटात पाठवत नाहीत. शहरातल्या शहरात चालेल म्हणतात. बरोबर आहे त्यांचं.

जय हिंद.