सर्पगंधेची कसोटी



आपल्या पूर्वजांनी महाराष्ट्र सोडून इकडे बिऱ्हाड केले, तेव्हा सामानात आजीबाईचा बटवाही होता. त्याची परीक्षा घ्या म्हटले, की काहींना तो पूर्वजांचा अवमान वाटतो. सर्पगंधेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

या झुडपाचे मूळ बिहारात ‘पागल की दवा’ म्हणून विकले जाई. चित्त थाऱ्यावर नसलेला माणूस त्याने शांत होई. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व वाढलेला रक्तदाब या दोहोंवर त्याचा गुण येतो, असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दिकींनी मुळातील द्रव्ये वेगळी केली आणि एकाला हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ नाव दिले. 1949 मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष तिकडे वेधले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतील संशोधकांनी त्यातून रेसर्पिन काढले. पुढे अमेरिकेतील मनोरुग्णालयांत ते वापरले गेले.

परीक्षेने आजीचे म्हणणे खरे ठरवले. पण ती तिथे थांबली नाही. रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल उदासीनता आल्याच्या नोंदी होऊ लागल्या. मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली नॉरअ‍ॅड्रिनलिन, सेरोटोनिन यांसारखी द्रव्ये ते रिती करते, हे कळले. त्यामुळे ज्याचे मन आधीच खचले आहे, त्याला हे औषध द्यायचे नाही, असा नियम झाला. हा नियम बटव्यात नव्हता.

मात्रेचेही तसेच. रेसर्पिनची मात्रा मिलिग्रॅमच्याही अंशात मोजतात. मुळातले त्याचे प्रमाण मात्र झाडागणिक बदलते. म्हणून कालची चिमूट आणि आजची चिमूट सारखी नसते.

आज चिंता घालवायला अश्वगंधा घ्या, सांधेदुखीला अमुक पाला लावा, असे सल्ले घरोघर मिळतात. ते हसण्यावारी नेऊ नका आणि डोळे मिटून मानूही नका. किती घ्यायचे, कोणी घ्यायचे नाही, आणि चालू असलेल्या औषधाशी त्याचे जमते का, एवढे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा. उत्तर मिळाल्यावर बटवा खुशाल उघडा.